फुकटचा खेळ आणि गटाचा हप्ता

भाकरी टाकायची वेळ आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. तव्यावरची भाकरी करपू देऊ नका, हात चालू ठेवा आणि कान फक्त इकडे असू द्या.

आज आम्ही मोबाईलवरच्या खेळांबद्दल आणि ते खेळ काढणाऱ्या कंपन्यांबद्दल बोलणार आहोत. आम्ही यातल्या जाणकार नाही. आम्ही एका बचत गटातल्या अकरा जणी. काहींना सही येते, काहींना वाचता येतं, दोघी बारावी झालेल्या. पण मोबाईल आता आमच्या प्रत्येकीच्या घरात आहे आणि त्यानं आमच्या गटाचा एक हप्ता चुकवला. म्हणून बोलायचा हक्क आम्हाला आहे, असं आम्ही समजतो.

झालं ते असं. आमच्या गटातल्या एका ताईनं शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलं होतं. दर महिन्याला वेळेवर हप्ता देणारी बाई. एका महिन्यात म्हणाली, सोयाबीनच्या फवारणीला पैसे गेले, पुढच्या वेळी देते. पुढच्या वेळी म्हणाली, सासूबाईंचं औषधपाणी झालं. तिसऱ्या बैठकीला ती आलीच नाही. गटात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, नवरा पितो काय? कुणी म्हणालं, माहेरी पैसे दिले असतील.

शेवटी आमच्यातल्या दोघी तिच्या घरी गेल्या. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं आणि मग ती रडायला लागली. आठवीतल्या पोरानं मोबाईलवरच्या खेळात पैसे घातले होते. कधी ऐंशी, कधी दीडशे, कधी चाळीस. तीन महिन्यांत सहा हजारांच्या वर. खेळातल्या माणसाला नवे कपडे, नवी बंदूक आणि कसले ते हिरे घेण्यासाठी. खेळ स्वतः फुकट होता.

पोराला पिन कुठून मिळाला, हे आम्ही विचारलं. त्यावर ती म्हणाली, "मीच दिला की. मला कुठं येतंय ते चालवायला? पैसे आले का बघ, लाईट बिल भर, समदं त्योच करायचा."

हे ऐकून आम्ही दोघी गप्प झालो. कारण आमच्या घरीही तेच होतं. एकीचा पिन रेशनकार्डाच्या मागं लिहिलेला, दुसरीचा म्हणजे लेकीची जन्मतारीख. दुसऱ्याच्या घरातली चूक म्हणून बघायला गेलो आणि आपल्याच घरातली सापडली.

मग पोराला आम्ही समोर बसवलं. मारायचं नाही, असं आधी ठरवलं. त्याला विचारलं, तुला कळत नव्हतं का रे हे आईचे पैसे आहेत? तो म्हणाला, "पैसे वाटतच नव्हते काकू. हिरे वाटत होते." त्या लेकरानं आम्हाला या कंपन्यांची युक्ती एका वाक्यात शिकवली. रुपयाचा हिरा केला की रुपया गेल्याचं दुःख होत नाही. जत्रेत पाळणेवाला पैसे घेऊन तिकीट देतो, तेव्हा निदान हातातली नोट गेलेली दिसते. इथं नोटही दिसत नाही.

फुकटचा खेळ कंपनीला परवडतो कसा, हेही आम्ही समजून घेतलं. खेळणाऱ्यांतले बरेच जण एक पैसाही देत नाहीत. थोडे जण देतात, आणि त्या थोड्यांकडूनच मोठी कमाई होते. बाकीच्यांना जाहिराती दाखवून पैसे मिळतात. रोज आलास तर रोज बक्षीस, एक दिवस चुकलास तर बक्षीस गेलं, अशी ओढ लावलेली असते. खेळ संपू नये म्हणूनच तो बांधलेला असतो. आपले सागरगोटे, चिंचोके, लगोरी हे खेळ अंधार पडला की संपायचे. आईची हाक आली की संपायचे. मोबाईलच्या खेळाला अंधारही पडत नाही आणि त्याला आईची हाकही ऐकू जात नाही.

हे फक्त खेळाचंच नाही. फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम या तिन्ही गोष्टी मेटा नावाच्या एकाच कंपनीच्या आहेत. यूट्यूब गूगलचं आहे. आपण त्यांना थेट पैसे देत नाही, तरी या जगातल्या बड्या श्रीमंत कंपन्या आहेत. आठवडी बाजारात जागेचा मालक दुकान लावणाऱ्यांकडून पैसे घेतो. बाजाराला आलेल्या बायांकडून घेत नाही. पण बायाच आल्या नाहीत तर त्या जागेला कोण पैसे देईल? या कंपन्यांचं तसंच आहे. दुकानदार म्हणजे जाहिरातवाले आणि गर्दी म्हणजे आपण. गर्दी जितका वेळ थांबेल तितकी मालकाची कमाई. म्हणून एक रील संपायच्या आत दुसरी येते.

आता कुणी म्हणेल, मग फेकून द्या मोबाईल. आमचं मत तसं नाही. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या आजींनी नातवाच्या मदतीनं यूट्यूबवर 'आपली आजी' नावानं रांधायला सुरुवात केली आणि लाखो लोकांनी त्यांचं गावरान कालवण बघितलं. तोच मोबाईल, तीच कंपनी. पण तिथं आजींनी काहीतरी मांडलं आणि मिळवलं. आमच्या गटातल्या शेवया-पापडांच्या ऑर्डरीही व्हॉट्सअॅपवर येतात. चाकूनं भाजीही चिरते आणि बोटही कापतं. चाकू लेकराच्या हातात कधी द्यायचा, एवढं मात्र आपण बघतोच ना?

सरकारनं बंदी घालावी, असंही आमच्यातल्या काही जणींचं म्हणणं होतं. बंद्या झाल्या आहेत. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झाला. पण त्यामागचं कारण लेकरांचा अभ्यास हे नव्हतं, देशाची सुरक्षा हे होतं. पबजी पुढच्याच वर्षी नाव बदलून परत आला. टिकटॉक गेलं आणि त्याची जागा रीलनं घेतली. एक दार बंद केलं तर पाणी दुसऱ्या दारानं आत आलं.

पैसे लावून खेळायच्या खेळांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ऑनलाइन रमीच्या कर्जापायी आपल्याच जिल्ह्यात एक घर संपल्याची बातमी २०२५ च्या जूनमध्ये आपण सगळ्यांनी ऐकली. नाव-गाव पुन्हा काढायचं नाही. त्या घरातल्या बाईला बोलायला कुणी होतं का, एवढंच आमच्या मनात राहिलं.

त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा म्हणा की डोकं चालवायचा म्हणा, चालवायला या कायद्यानं मनाई केली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. एक गोष्ट नीट ऐका. नुसता खेळून फसलेल्या माणसाला या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून घरातला कुणी यात अडकला असेल, तर पोलीस पकडतील या भीतीनं लपवून ठेवू नका.

तरी चोरून चालणारे खेळ असतात. परदेशातून चालवलेले असतात. पहिल्यांदा पाचशे जिंकू देतात, मग पाच हजार घेतात. ही रीत जुनीच आहे. भारतातली द्यूताची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. धर्मराज राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला आणि मग बायकोला पणाला लावलं. द्रौपदीला सभेत बोलावणं आलं, तेव्हा तिनं निरोप्याला प्रश्न विचारून परत पाठवलं, आधी स्वतःला हरले की मला? जो स्वतःच हरला, त्याला दुसऱ्याला पणाला लावायचा हक्क कुठला? भरल्या सभेला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. आमच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "आपणबी तेच इचारायचं. गटाचा पैसा कुणाचा? मशीनचा पैसा कुणाचा? लावणारा कोण?"

आता गावानं काय करायचं ते बघू. आपल्याच जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात जकेकूरवाडी आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये ठरवलं, की संध्याकाळी सहाला भोंगा वाजेल आणि आठपर्यंत घरातला टीव्ही आणि मोबाईल बंद. लेकरांनी अभ्यास करायचा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनंही त्याच वर्षी हे सुरू केलं होतं. तिथं देवळावरचा भोंगा सातला वाजायचा आणि साडेआठपर्यंत सगळं बंद.

आम्हालाही ते पटलं. आमच्याकडं भोंगा नाही, म्हणून अकरा घरांपुरतं ठरवलं, की सात ते साडेआठ मोबाईल आणि टीव्ही बंद. पहिल्या आठवड्यात नियम कुणी मोडला, सांगू का? लेकरांनी नाही, आम्हीच. आमच्या मालिकेची वेळ नेमकी तीच. लेकराला म्हणायचं पुस्तक घे आणि आपण मालिका लावायची. एका पोरीनं विचारलं, "मम्मी, तुझा टीव्ही टीव्ही न्हाई का?" मग आम्ही लाजलो आणि तेव्हापासून नियम नीट चालला. घरातल्या पुरुषांचं अजून पूर्ण जमलेलं नाही, हेही खरं सांगतो. चार घरांत जमलंय, बाकीच्यांत बोलणं चालू आहे.

त्या बैठकीनंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या, त्या तुम्हालाही सांगतो.

पिन स्वतःचा स्वतः टाकायला शिकायचा. चार किंवा सहा आकडे असतात, त्याला इंग्रजी लागत नाही. एटीएमचं बटन दाबता येतं, तर हेही येतं. लेकरानं स्क्रीन दाखवावी आणि आकडे आपण दाबावेत. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो. पैसे पाठवतो, पिन टाका, असं कुणी म्हणालं तर तो चोर.

पैसे पाठवायच्या अॅपमध्ये 'यूपीआय लाइट' चालू आहे का, ते बघून घ्या. त्यातून लहान रक्कम पिनशिवाय जाते. 'ऑटोपे' नावाच्या जागी कुणाला आपोआप पैसे जातात का, तेही बघा आणि नको ते बंद करा.

महिन्यातून एकदा बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या आणि ते गटाच्या बैठकीला आणा. लहान लहान रकमा सारख्या एकाच नावानं गेलेल्या दिसल्या तर विचारा.

फसवणूक झाली तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला १९३० या नंबरवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात निघून जातात. घरातल्या कुणाला खेळाची सवय सुटत नसेल, झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. फोन फुकट आहे.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे लपवू नका. आमच्या ताईचे तीन महिने पैशापेक्षा लाजेत गेले. पहिल्याच महिन्यात बोलली असती तर दोन हजारांवर थांबलं असतं. पण ती बोलली नाही, त्यात आमचाही दोष आहे. हप्ता चुकला की कुजबुज करणाऱ्या गटात कोण तोंड उघडेल? म्हणून आम्ही आता नियम केला आहे. हप्ता चुकला तर आधी दोघींनी घरी जायचं आणि मग बैठकीत विषय घ्यायचा.

ताईला आम्ही हप्ते वाढवून दिले. मशीन चालू आहे. दिवाळीच्या आधी तिनं ब्लाऊज शिवून दोन हप्ते एकदम भरले. पोरगा दर बैठकीला थोडा वेळ येतो आणि आम्हाला मोबाईलवरचे बँकेचे मेसेज वाचून दाखवतो. ऑटोपे कुठं बंद करायचं, तेही त्यानंच दाखवलं. पिन टाकायची वेळ आली की आम्ही सगळ्या जणी त्याला पाठ फिरवायला लावतो. तोही हसतो, आम्हीही हसतो.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला पासबुक घेऊन जा आणि तुमच्या गटात हा विषय काढा. सुरुवात कुणी करायची असा प्रश्न पडला, तर आमची गोष्ट सांगा आणि तिथून सुरू करा. आता रजा घेतो. राम राम.