घास घशाखाली उतरताना



अलिबाग-मुरूडकडच्या आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरून वारं गेलं की आपण आधी तोंडात पाणी घालतो. माया खरी, पण तेच पाणी श्वासनळीत उतरतं. कधी ठसकाही लागत नाही आणि न्यूमोनिया होतो. लकव्याच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना सुरुवातीला नीट गिळता येत नाही. म्हणून तोंडात काहीही न घालता आपण लगेच १०८ला फोन करावा.

डॉक्टरांनी गिळणं तपासल्यावरच भरवावं. पुष्कळांना पाण्यापेक्षा दाट पेज सोपी जाते. ताठ बसवावं, छोटा चमचा घ्यावा, एक घास उतरल्यावरच दुसरा द्यावा. नंतर अर्धा तास आडवं करू नये. तोंड स्वच्छ ठेवावं.

गिळण्याचे स्नायू सरावाने पुन्हा कामाला लागतात. बहुतेकांना काही आठवड्यांत फरक पडतो. तेव्हा आपण घाई करू नये, आशाही सोडू नये.