बँक गेली, बोजा राहिला
(शिरूर-दौंड भागातल्या बैठकीत केलेलं भाषण)



आज घरी गेल्यावर एक काम करा. पेटीतला सातबारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना शिकलेल्या पोराकडून मोठ्यानं वाचून घ्या. तिथं भूविकास बँकेचा बोजा निघाला, तर आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

म्हातारी माणसं तिला भूतारण बँक म्हणतात. विहिरीला, इंजिनाला, पाइपलाइनला ती लांब मुदतीचं कर्ज द्यायची आणि जमीन तारण घ्यायची. 2015 साली सरकारनं ती बंद करायचं ठरवलं. बँक गेली. कर्ज घेणारा आजा पण गेला. बोजा मात्र नातवाच्या सातबाऱ्यावर बसलेला आहे, आणि तो आहे तोवर नवीन कर्जाला सोसायटी हात लावत नाही.

लोक म्हणतात, बँकच नाही तर कर्ज कुणाचं? तसं नसतं. संस्था बंद पडली की तिचं घेणं-देणं अवसायकाकडे जातं. अवसायक म्हंजे कारभार गुंडाळायला सरकारनं नेमलेला माणूस. कर्ज फिटल्याचा दाखला त्याच्याकडूनच मिळवायचा.

1875 च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकाराचे कर्जरोखे काढून जाळले, ते लोण शिरूरपर्यंत आलं. तेव्हा कागद जळला की पुरावा जळायचा. आता बोजा कॉम्प्युटरात आहे, जाळणार काय?

2022 साली सरकारनं या बँकेच्या 34,788 शेतकऱ्यांचं 964 कोटी 15 लाखांचं कर्ज माफ करायचं ठरवलं. सुमारे 69 हजार हेक्टर जमीन मोकळी होईल असं सांगितलं. पण मुंबईत ठरलं म्हणून गावातला सातबारा आपोआप कोरा होत नाही, त्यासाठी चपला झिजवाव्या लागतात. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, म्हंजे सहकार खात्याकडे, लेखी अर्ज करा. आमचं नाव यादीत आहे का, आणि बेबाकीचा दाखला कोण देणार, एवढंच विचारा. नाव नसेल तर खात्याचा उतारा मागा. दाखला मिळाला की तो जोडून तलाठ्याकडे बोजा कमी करायचा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. तलाठी फेरफार धरतो, नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. कर्जदार वारला असेल तर वारसनोंदही करून घ्या, आणि त्यात बहिणींची नावं गाळू नका.

आता खरी भीती सांगतो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीमुळे इथल्या जमिनीवर सगळ्यांचा डोळा आहे. दलाल येतो, म्हणतो, "मावशी, जमीन बँकेनं घेतलीय, मी सोडवून देतो, इथं अंगठा दे." तो कागद साठेखताचा नाहीतर कुलमुखत्याराचा असू शकतो. बँकेनं तारण घेतली म्हणून जमीन बँकेची होत नाही. मालक तुम्हीच. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायला, गहाण द्यायला, भाड्यानं द्यायला आधी कलेक्टरची मंजुरी लागते. महसूल कायद्याचं कलम 36-अ तेच सांगतं. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही, मग तो जवळचा पाहुणा का असेना.

गहाण खाजगी कंपनीकडे असेल आणि ती कंपनी बुडाली असेल, तर तिच्या लिक्विडेटरला गाठायचं. पैसे घ्यायला कुणीच सापडत नसेल तर उरलेली रक्कम कोर्टात भरता येते, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 83 आहे. सोडवायचा हक्क मिळाल्यापासून तीस वर्षं दावा लावता येतो. इथं मात्र वकील लागतो, फुकट कायदा मदत तालुका कोर्टात मिळते.

डोंगराकडच्या गावांनी हेही ऐकून ठेवा. 2006 च्या कायद्यानं मिळालेला वनपट्टा वारसानं पोरांना जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पट्टा ठेवून घेतो, पैसे देतो असं कुणी म्हणालं तर पट्टा देऊ नका आणि संघटनेला कळवा.

पुढच्या बैठकीला येताना चालू सातबारा, जुना फेरफार आणि बँकेची जी काही पावती सापडेल ती आणा. पावती फाटकी असली तरी आणा. अर्ज आपण तिथंच बसून लिहू.