खांब जमिनीवरून उचलले तेव्हा



जुन्या वाड्याच्या दुरुस्तीला हात घातलेल्या सुताराला विचारा, तो आधी खांबाचा बुंधा ठोकून पाहील. वरचा पाऊस वाहून जातो. ओल मात्र खालून चढते आणि लाकूड पोखरते. नॉर्वेतल्या सुतारांनीही हे अनुभवातूनच शिकून घेतले. तिथली सुरुवातीची चर्चे जमिनीत पुरलेल्या खांबांवर उभी असत आणि ती बुडातून कुजत.

पश्चिम नॉर्वेतल्या लॅर्डाल खोऱ्यात बोर्गुंड गावी, ११८०च्या सुमारास बांधलेले एक छोटे चर्च आजही उभे आहे. इथे दगडांवर जाड तुळया आडव्या टाकल्या आणि खांब त्यांच्यावर उभे केले. मातीशी लाकडाचा संबंधच तोडला. या खांबाला तिकडे ‘स्टाव’ म्हणतात, म्हणून हे स्टाव चर्च. पावसाची झड भिंतीला लागू नये म्हणून सभोवती पडवी. वर एकावर एक चढत गेलेले पाखे, लाकडी कौलांनी शाकारलेले. खालच्या आढ्यांच्या टोकांना क्रूस आणि वरच्यांना जबडा वासलेले ड्रॅगन! आत मात्र काळोख. उजेड येतो तो उंचावरच्या लहान गोल झरोक्यांतून.

क्रूस आणि ड्रॅगन एकत्र कसे, याचे उत्तर दाराजवळच्या लाकडावर सापडते. थोरिर नावाच्या एका वाटसरूने तिथे रून लिपीत चार शब्द कोरून ठेवले आहेत. दिवस सांगितला आहे ख्रिस्ती संत ओलाफच्या सणाच्या आदल्या संध्याकाळचा. आणि आपल्या कष्टांचा बोल लावला आहे नॉर्नना, म्हणजे जुन्या धर्मातल्या नशीब ठरवणाऱ्या देवतांना. नवा देव आला, पण सटवाईचा लेख काही पुसला गेला नव्हता!

नॉर्वेत मध्ययुगात अशी हजाराहून अधिक चर्चे होती, असा अंदाज आहे. आज २८ उरली आहेत. १८५१च्या कायद्याने चर्चमध्ये किती माणसे मावली पाहिजेत हे ठरवले आणि कित्येक जुनी चर्चे लहान ठरून पाडली गेली. बोर्गुंडला १८६८मध्ये शेजारीच नवे चर्च झाले. जुने वाचले, कारण १८७७मध्ये प्राचीन वास्तू जपणाऱ्या एका संस्थेने ते ताब्यात घेतले.

पाइनच्या लाकडापासून काढलेले डांबर या भिंतींना आजही पुन्हापुन्हा चोपडतात. डांबराचा हात नवा असेल आणि ऊन कडक असेल, तर भिंतीला टेकलेले बोट काळे होऊन परत येते. आठशे वर्षांच्या लाकडावरचा तो ताजा थर.