बरं वाटलं म्हणून पंप ठेवून देऊ नका
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दमा माणसाबरोबरच जातो, असं जुनी माणसं म्हणतात. त्यात अर्धं खरं आहे. दमा मुळापासून उपटून टाकणारं औषध आजही कुणापाशी नाही. तसा दावा कुणी करत असेल, तर खिशात हात घालण्याआधी दोनदा विचार करावा. पण उरलेलं अर्धं या म्हणण्यात येत नाही. दमा असलेला माणूस शेतात राबू शकतो, शिवनेरी चढू शकतो, रात्री शांत झोपू शकतो आणि पुरतं आयुष्य जगू शकतो. त्यासाठी लागणारं ओढून घ्यायचं औषध १९७२ पासून जगात वापरात आहे. आज ते आपल्या बाजाराच्या गावातल्या मेडिकलमध्येही मिळतं. साधा पंप घेतला तर त्याचा रोजचा खर्च टपरीवरच्या एका चहाहून जास्त येत नाही. तरीही हे औषध नियमानं घेणाऱ्यांपेक्षा त्याला घाबरणारेच मला जास्त भेटतात. आज त्या भीतीबद्दलच बोलायचं आहे.

मी जुन्नर तालुक्यात डॉक्टरकी करतो. नारायणगावच्या पूर्वेकडच्या गावांतून, खोडदहूनही, माझ्याकडे रुग्ण येतात. खोडद म्हटलं की बाहेरच्या माणसाला तिथली रेडिओ दुर्बीण आठवते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण म्हणजे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतल्या चौदा मधोमध जवळजवळ आहेत आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. म्हणूनच आसपास रेडिओलहरींचा गोंगाट कमी असावा लागतो. इतक्या संवेदनशील यंत्राला जवळची एखादी ठिणगीही त्रास देते.

दमा समजावताना मला हेच उदाहरण सोपं वाटतं. दमेकऱ्याच्या श्वासनलिका अशाच अतिसंवेदनशील असतात. दुर्बिणीचा जो गुण, तोच श्वासनलिकेचा अवगुण. बाजरीच्या मळणीचा भुसा, कांद्याच्या बराखीतली धूळ, चुलीचा धूर, फोडणीचा ठसका, उदबत्ती, डासांची कॉइल, पहाटेचा गारठा यातलं काहीही इतरांच्या छातीला जाणवत नाही, पण या नलिका ते लगेच टिपतात आणि आखडतात. मग छातीत शिट्टी वाजते, धाप लागते, रात्री उठून बसावं लागतं. चरकसंहितेत ‘तमक श्वास’ या नावानं जे वर्णन आहे, त्यातही ढगाळ हवेत आणि थंडीत हा त्रास वाढतो आणि बसल्यावर बरं वाटतं, असं नोंदवलेलं आहे. रोग जुना आहे, त्याची चालही जुनीच आहे.

या नलिका इतक्या हळव्या का होतात, हे मात्र अलीकडच्या काळात नीट उमगलं. त्यांच्या आतल्या अस्तराला कायमची बारीक सूज असते. रुग्णाला बरं वाटत असतानाही ती असते. नलिका आखडणं हा त्या सुजेचा परिणाम आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की औषधांचा सगळा हिशेब सुटतो.

दम्याची औषधं दोन जातीची. पहिली जात तात्पुरत्या आरामाची. साल्ब्युटामॉलचा, बहुधा निळ्या रंगाचा, पंप या जातीचा. तो ओढला की पाच-दहा मिनिटांत आखडलेली नळी सैल होते, पण चार-सहा तासांनी त्याचा असर उतरतो आणि सूज होती तशीच राहते. दुसरी जात सूज उतरवणारी. बेक्लोमेथासोन, बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन ही त्यांची नावं. ही औषधं ओढल्यावर त्या क्षणी काहीच जाणवत नाही. रोज घेतली तर काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी, फरक कळू लागतो आणि पुढं काही महिने तो वाढत जातो.

गैरसमज इथूनच सुरू होतो. जे लगेच गुण देतं ते खरं औषध आणि ज्यानं काही वाटत नाही ते डॉक्टरांनी उगीच लिहिलेलं, असं रुग्णाला वाटतं. मग निळा पंप खिशात राहतो आणि दुसरा कपाटात जातो. विहिरीचा झरा बंद न करता मोटर लावून पाणी उपसत बसावं, तसं हे आहे.

दुसरी अडचण ‘स्टेरॉइड’ या शब्दाची. तो कानावर पडला की माणूस दचकतो. ही भीती बिनबुडाची नाही. १९४८-४९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णांवर कॉर्टिसोनचा चमत्कारासारखा गुण दिसला आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळालं. पण पोटातून दीर्घकाळ दिल्यावर चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, मोतिबिंदू हे दुष्परिणामही दिसले. मग जिथं सूज आहे तिथंच थेंबभर औषध पोहोचवता आलं तर, असा विचार पुढं आला. पंप त्याआधी, १९५६ मध्येच, बाजारात आला होता. औषध कंपनीच्या प्रमुखांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं, अत्तराच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का नाही, असं विचारलं आणि त्यातून तो जन्मला, असं सांगतात. १९७२ मध्ये त्या फवाऱ्यातून बेक्लोमेथासोन देता येऊ लागलं आणि रोज गोळ्या खाणाऱ्या अनेक रुग्णांच्या गोळ्या कमी झाल्या.

मात्रेचा हिशेब पाहा. जोराचा दमा उठला की प्रेडनिसोलोनची गोळी देतात, ती मोठ्या माणसाला दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ४० हजार मायक्रोग्रॅम. पंपातलं बुडेसोनाइड कमी मात्रेत दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम. शंभर ते दोनशे पटींचा फरक. ही दोन औषधं वेगवेगळी आहेत, त्यामुळे तुलना काटेकोर नाही, पण अंदाज येतो. गंमत अशी, की पंपातल्या स्टेरॉइडला घाबरणारी कित्येक माणसं मेडिकलमधून ‘दम्याच्या गोळ्या’ सांगून जी बारीक पांढरी गोळी वर्षानुवर्षं आणतात, ती स्टेरॉइडच असते. नाव-गाव नसलेल्या पुड्यांमध्येही ते मिसळलेलं सापडलेलं आहे.

पंपाच्या औषधाला दुष्परिणाम नाहीत असं मी म्हणणार नाही. तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, आवाज बसू शकतो. औषध घेतल्यावर चूळ भरून टाकली की हे बरंचसं टळतं. मुलांच्या उंचीबद्दल आईवडील हटकून विचारतात. उत्तर अमेरिकेतल्या मुलांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही वर्षं रोज बुडेसोनाइड घेतलेल्यांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरनं कमी भरली. फरक आहे, तो लपवायचं कारण नाही. पण रात्र रात्र खोकणाऱ्या, खेळापासून आणि शाळेपासून तुटलेल्या मुलाच्या पारड्यात तो टाकून पाहावा. मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षं घेतल्यास डोळे आणि हाडं यांच्याकडेही लक्ष ठेवावं लागतं. म्हणूनच डॉक्टर कमीत कमी पुरेल एवढीच मात्रा शोधत असतात.

तिसरी भीती लोकांची. काही वर्षांपूर्वी एका तरुण सुनेला मध्यरात्री माझ्याकडे आणलं. ओठ निळसर, एका दमात दोन शब्दही बोलता येईनात. ऑक्सिजन, वाफ, इंजेक्शन देऊन तिला पुढं मोठ्या रुग्णालयात पाठवलं आणि ती वाचली. मागाहून उलगडा झाला. माहेरी असताना ती रोजचा पंप घ्यायची, तेव्हा दमा शांत होता. लग्न ठरताना तो कुणाला सांगितला नाही. सासरी पंप दिसू नये म्हणून सहा महिने तिनं तो घेतलाच नाही. कांदा भरायच्या दिवसांत व्हायचं ते झालं. तिची सासू मला म्हणाली, “डॉक्टर, बाईच्या जातीला पंप बरा दिसतो का? एकदा लागला की सुटत नाही म्हणतात.” मी म्हटलं, “मावशी, तुम्हाला चष्मा लागला, तो सुटला का? आणि चष्मा लावता म्हणून कुणी नाव ठेवलं का?” त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या खेपेला सुनेला घेऊन त्याच आल्या आणि पंप कसा ओढायचा ते त्यांनीही बघून घेतलं.

पंपाचं व्यसन लागत नाही. तो शेवटचा उपायही नाही, पहिला उपाय आहे. बत्तीस देशांतल्या सात हजारांहून अधिक, नुकताच सौम्य दमा जडलेल्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीपासून रोज कमी मात्रेत बुडेसोनाइड घेणाऱ्यांमध्ये दम्याचे गंभीर झटके जवळजवळ निम्म्यानं कमी झाले. त्याआधी २००० मध्ये कॅनडातल्या नोंदींवरून दिसलं, की वर्षभरात या औषधाचा वापरलेला प्रत्येक जादा पंप दम्यानं मरण्याचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी घटवतो आणि औषध सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने धोक्याचे असतात. ‘बरं वाटतंय, आता कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर यात आहे. बरं वाटतंय ते औषध चालू आहे म्हणूनच. तीन महिने त्रास नसेल तर मात्रा उतरवता येते, पण ती डॉक्टरांनी, पायरीपायरीनं.

आपल्या देशाचं चित्र चांगलं नाही. जगभरच्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या २०१९ च्या अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात तीन कोटींहून अधिक दमेकरी आहेत. जगातल्या दमेकऱ्यांपैकी हे सुमारे तेरा टक्के. पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंमध्ये आपला वाटा चाळीस टक्क्यांहून जास्त. सूज उतरवणारं औषध फार थोड्यांपर्यंत पोहोचतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. बुडेसोनाइड आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते प्रत्येक सरकारी दवाखान्यात हाताशी असावं, असा आग्रह आपणही धरला पाहिजे.

२०१९ मध्येच दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत एक मोठा बदल झाला. मोठ्या माणसांनी आणि बारा वर्षांपुढच्या मुलांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये, सोबत सूज उतरवणारं औषध असलंच पाहिजे, असं त्यात सांगितलं. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप रोजच्यासाठी आणि त्रास झाला तरही वापरता येतो. तुमच्यासाठी कोणता योग्य, हे डॉक्टरांना विचारा.

आता घेण्याची रीत. फवाऱ्याचा पंप आधी हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, पंप तोंडात धरून सावकाश श्वास आत घ्यायला लागताच तो दाबावा आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखावा. पावडरीच्या कॅप्सूलचं यंत्र असेल तर उलट, श्वास जोरात आणि खोल ओढायचा. ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मी पाहिले आहेत. ती गिळायची नसते. दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे मधली पोकळ नळी, लावावी. ती जवळ नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडून, फट चिकटपट्टीनं बुजवून बाटलीच्या तोंडातून श्वास घेता येतो. दक्षिण आफ्रिकेत दमा उठलेल्या मुलांवर १९९९ मध्ये झालेल्या अभ्यासात अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली.

कोजागरीच्या रात्री दुधातून किंवा खिरीतून दम्याचं औषध घ्यायला पुष्कळजण जातात. ज्याची श्रद्धा असेल त्यानं जावं, पण रोजचा पंप सोडून नव्हे. आणि धूळधूर टाळावा तेवढा थोडाच. मळणीच्या वेळी नाकातोंडाला ओला रुमाल, निजायच्या खोलीत कॉइलऐवजी मच्छरदाणी, चुलीच्या धुराला वाट आणि घरात विडी-सिगारेट नाही, एवढं तरी जमतं.

एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील किंवा आरामाच्या पंपानं गुण येत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला बसतं ठेवा आणि स्पेसरमधून निळ्या पंपाचे एकेक करून चार फवारे द्या. गरज पडली तर वीस मिनिटांनी पुन्हा द्या.

आणि आज रात्री स्वतःला, किंवा घरातल्या दमेकऱ्याला, चार प्रश्न विचारा. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनदांहून जास्त त्रास झाला का? दम्यानं रात्री जाग आली का? आरामाचा पंप आठवड्यातून दोनदांहून जास्त लागला का? दम्यापायी एखादं काम सोडावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर तुमचा दमा ताब्यात नाही. उद्या डॉक्टरांकडे जाताना कपाटातला तो दुसरा पंप बरोबर घेऊन जा आणि तो कसा ओढता, ते त्यांना करून दाखवा.