आधी रक्त तपासा, मग पावडरचा डबा उघडा



पत्रिकेवर विषय छापला आहे 'आहार आणि मेंदू'. मी मात्र एकच आग्रह घेऊन चिंचवडला आले आहे. मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) असो की एडीएचडीचं (लक्ष न टिकणारं, अतिचंचल), पूरक आहाराची कुठलीही पावडर सुरू करण्याआधी त्याचं रक्त तपासा.

अक्रोडाबद्दल विचारणारच होतात ना? (हशा) खुशाल द्या. पण मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदू दुरुस्त करत नाही.

आहाराने मेंदू सावरतो याचा पक्का दाखला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा आहे. १९५०च्या सुमारास एक आई रोज सकाळी डॉ. हॉर्स्ट बिकेल यांच्या प्रयोगशाळेबाहेर उभी राहायची. 'माझ्या मुलीसाठी काही सापडलं का?' मुलीला उभं राहता येत नव्हतं, ती डोकं आपटायची. तिला फेनिलकीटोन्युरिया होता. प्रथिनांतलं फेनिलअलॅनिन शरीरात मोडत नव्हतं, साठून मेंदूला बाधत होतं. बिकेल यांनी ते काढून टाकलेला आहार तयार केला. मुलगी रांगू लागली, उभी राहिली, डोकं आपटणं थांबलं. मग आईला न सांगता तो घटक पुन्हा मिसळला, आणि मुलगी लगेच खालावली. १९५३ साली हे प्रसिद्ध झालं. आहार लागू पडला, कारण नेमकं काय बिघडलंय ते आधी तपासलं होतं!

आता आपल्याकडे काय तपासायला हवं, ते थोडक्यात सांगते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून जवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. बहुसंख्य मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. ज्यांचं फारच कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्यात आणि अल्पकालीन स्मृतीत मागे दिसली. बी-१२ने स्वमग्नता जाते, असा याचा अर्थ नाही. पण कमतरतेचं जादा ओझं मुलावर का राहू द्यायचं? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी होती. रक्तक्षयामागे अनेकदा लोहाची कमतरता असते; लोह कमी असलं की मूल चिडतं, झोप बिघडते, लक्ष लागत नाही. आणि न तपासता जास्त दिलेलं लोह किंवा अ जीवनसत्त्व अपायही करतं.

मागून कुणीतरी म्हणतंय, 'मग आम्ही हातावर हात ठेवून बसायचं का?' नाही, ताई. चाकणच्या कारखान्यांत दोन पाळ्या वाटून घेऊन मूल सांभाळणाऱ्या आईबाबांना दोष द्यायला मी आलेले नाही. त्यांच्या पगारावर डोळा ठेवून पावडरचे डबे विकणाऱ्यांवर माझा राग आहे.

शेवटचा मुद्दा, वेळ संपली आहे. गहू-दूध बंद केल्याने स्वमग्नता कमी होते, याला भक्कम पुरावा नाही. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाची पोळी आणि दूध काढून घेतलं, तर त्याने खायचं काय? सीलिअ‍ॅकची म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याच्या आजाराची शंका असेल तर तपासा. पण तपासणीआधीच गहू सोडला, तर ती तपासणी फसते. म्हणून उद्या बालरोगतज्ज्ञांना हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व, शिवाय शंका असेल तर सीलिअ‍ॅक, तपासण्याविषयी विचारा, आणि अहवाल हातात येईपर्यंत पोळी चालू ठेवा.