जुन्या फायलीत अडकलेली आपली बचत

बचत गटाच्या कार्यक्रमात आज आपण बोलणार आहोत जुन्या हिशेबांबद्दल. कपाटातल्या सीडीवर, पेनड्राइव्हवर, नाहीतर बंद पडत आलेल्या कॉम्प्युटरवर ते पडून असतात.

फायलीच्या नावाच्या शेवटी फक्त ‘एक्सएलएस’ दिसलं, तर ती बहुधा एक्सेलची जुनी फाइल. 2007 पासून ‘एक्सएलएसएक्स’ हा नवा प्रकार आला. जुनी फाइल उघडता येते, पण दहा वर्षांच्या, वीस गटांच्या शेकडो फायली एकेक उघडून उतरवायच्या म्हटलं तर हात दुखतील आणि चुकाही होतील.

त्यासाठी पायथन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक लायब्ररी आहे, एक्सएलआरडी. ही लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. पिठासाठी आपण घरोघरी गिरणी बसवत नाही, गावातल्या गिरणीवर दळण देतो. तसंच हे, कुणीतरी आधीच करून ठेवलेलं काम आपण वापरायचं. ती फुकट मिळते. ती फाइल फक्त वाचते, मूळ फायलीत काही बदलत नाही. डिसेंबर 2020 पासूनची तिची नवी आवृत्ती फक्त जुन्या एक्सएलएस फायलीच वाचते. गावातली कॉम्प्युटर शिकलेली मुलगी हे काम करू शकते. एक-दोनच फायली असतील तर लिबरऑफिस हा फुकटचा प्रोग्रामही पुरतो.

पण मैत्रिणींनो, गिरणीत खडा गेला तर तोही दळला जातो. निवडायचं काम आपलंच. म्हणून चार गोष्टी तपासा.

पहिली, तारीख. एक्सेल तारखेचा नुसता आकडा ठेवतं. 1 जानेवारी 2010 म्हणजे 40179. लायब्ररी हा आकडा देते, त्याची तारीख करून घ्यावी लागते. काही फायलींत मोजणी 1900 ऐवजी 1904 पासून असते. तिकडे लक्ष दिलं नाही, तर प्रत्येक हप्ता चार वर्षं आणि एक दिवस सरकतो. फाइल कोणत्या मोजणीची, हे लायब्ररी सांगते. ते विचारायला सांगा.

दुसरी, बँकेचा खाते नंबर. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक नीट सांभाळतं, आणि सुरुवातीची शून्यं गाळतं. जे फायलीतच गेलं, ते कुठलीही लायब्ररी परत आणत नाही. नंबर पासबुकावरूनच घ्या.

तिसरी, बेरीज. लायब्ररी सूत्र देत नाही, शेवटी साठवलेलं उत्तर देते. ते उत्तर जुनं असू शकतं. हप्ते घेऊन बेरीज नव्याने करा.

चौथी, नावं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव बाहेर काढलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती युनिकोडमध्ये बदलता येते, पण रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. एकाच आडनावाच्या तीन सुमन असल्या, तर कोणती कोणाची सून, हे कॉम्प्युटर सांगणार नाही. ते गटातल्या जुन्या बायकाच सांगतील.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. आमच्याकडे एका गटातली मावशी वारली. लेक आईची बचत विचारायला आली. वही गळतीत भिजून पानं चिकटली होती. 2006 ते 2009 ह्या चार वर्षांचे हप्ते फक्त जुन्या फायलीत होते, महिन्याला 50 रुपये. आम्ही फायली काढून घेतल्या, तर 46 हप्ते निघाले. उरलेले दोन मासिक बैठकीच्या इतिवृत्तात सापडले. 48 हप्त्यांचे 2400 रुपये गटाने ठराव करून लेकीच्या हातात दिले. आईने खुरपणीच्या मजुरीतून टाकलेला पैसा होता तो. ‘नोंद नाही’ म्हणून तिला परत पाठवायची वेळ आली नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करा. जुन्या फायली कुणाकडे आहेत, त्याची यादी लिहा. फायलीला पासवर्ड असेल तर तो आत्ताच विचारून घ्या, कारण कुलूपबंद फाइल ही लायब्ररी उघडत नाही. मूळ फायलींच्या दोन प्रती दोन घरी ठेवा. काढलेला हिशेब छापून बैठकीत मोठ्याने वाचा. जिचं नाव येईल तिने ‘बरोबर’ म्हटल्यावरच सही घ्या. आणि वही? ती लिहीतच राहायची!

जुना हिशेब ठाऊक असलेल्या बायका आज आपल्यात आहेत. त्यांच्यासमोरच हे काम उरकू या.