वाचन आणि उमज : चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्राथमिक शाळांतील आकलनाचा प्रश्न

प्राथमिक शाळेतील मुलाला 'वाचता येते' असे म्हटले जाते, तेव्हा दोन निरनिराळ्या क्षमतांची गल्लत होत असते. छापील अक्षरांचा उच्चार करता येणे ही एक क्षमता, आणि त्या शब्दांतून निघणारा अर्थ मनात जुळवून घेता येणे ही दुसरी. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये या दोहोंचा संबंध एका साध्या सूत्रात मांडला : वाचनाकलन म्हणजे अक्षरवाचन आणि भाषेची श्रवणसमज यांचा गुणाकार. श्रवणसमज म्हणजे तोच मजकूर कोणी मोठ्याने वाचून दाखवला, तर ऐकणाऱ्याला तो कितपत कळेल, याचे माप. हे सूत्र बेरजेचे नसून गुणाकाराचे आहे, ही त्यातील मर्माची गोष्ट होय. कारण गुणाकारात एक घटक शून्यावर आला, तर दुसरा कितीही मोठा असला तरी हाती शून्यच उरते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील शाळांनी पहिल्या घटकावर पुष्कळ कष्ट घेतले आहेत. दुसरा घटक मात्र आपोआप येईल, असे गृहीत धरले गेले, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा रोख त्या गृहीतकावर आहे.

या गृहीतकाला देवनागरी लिपीचे स्वरूपही हातभार लावते. जसे लिहिलेले तसे बहुतांशी उच्चारायचे, अशी ही लिपी असल्याने बाराखडी आणि जोडाक्षरे पक्की झालेले मूल, ज्या भाषेतील चार शब्दही त्याला कळत नाहीत त्या भाषेतला उताराही खणखणीत वाचून दाखवू शकते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचे आणि गुरुजींचेही समाधान होते. देशभर गाजणारी 'असर' ही पाहणी मुख्यत्वे याच पहिल्या घटकाची मोजदाद करते : मुलासमोर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवून ती मोठ्याने वाचून घेतली जाते. २०२४ च्या पाहणीत देशातील ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. हा आकडा चिंताजनक आहेच. पण ज्यांना वाचता आले, त्यांना कळले किती, हा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत, असे लक्ष्य ठेवले. त्यातील 'साठ' घड्याळावर मोजता येतात, 'समजून' मोजता येत नाही. आणि जे मोजता येते तेच शिकवले जाते, हा सरकारी योजनांचा जुना अनुभव आहे.

या जिल्ह्यांत मुलाची घरची भाषा कोणती, हे आता पाहिले पाहिजे. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा प्रशासनाच्या दृष्टीने मराठी असला, तरी धानोरा-कोरची भागात गोंडी, भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंच्यात तेलुगू, पूर्व सीमेवर छत्तीसगढी आणि चामोर्शी-मुलचेरा भागात वसवलेल्या निर्वासितांच्या गावांत बंगाली बोलली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती-राजुऱ्याच्या डोंगरपट्ट्यात कोलामी आहे. या सर्व भाषांमध्ये वाचनाच्या दृष्टीने एक विलक्षण साम्य आढळते, ज्याकडे पाठ्यपुस्तककारांचे सहसा लक्ष जात नाही : मराठीसारखी तीन लिंगांची व्यवस्था यांपैकी एकाही भाषेत नाही. गोंडी, माडिया, कोलामी आणि तेलुगू या द्राविडी भाषांत एकवचनी नामांचे पुरुषवाचक आणि इतर असे दोनच गट पडतात, म्हणजे बाई, झाड आणि टोपली व्याकरणाच्या दृष्टीने एकाच पंगतीत बसतात. बंगालीत व्याकरणिक लिंग नाही आणि छत्तीसगढीत ते जवळपास नाही.

हा केवळ व्याकरणाच्या पुस्तकातला तपशील नव्हे. 'घरात एक टोपली आणि एक फडके होते. ती फाटली होती, पण ते नवे होते.' ही दोन वाक्ये पुण्याच्या किंवा वरोऱ्याच्या मुलाने वाचली, तर 'ती' म्हणजे टोपली आणि 'ते' म्हणजे फडके, हे त्याला विचार न करता कळते, कारण लिंगाच्या दोऱ्याने सर्वनाम आपल्या नामाशी बांधलेले असते. माडिया मुलाच्या कानाला हा दोरा लागतच नाही. फाटले काय आणि नवे काय, हे त्याला सांगता आले नाही, तर दोष त्याच्या बुद्धीचा नसतो. वाक्यांना जोडणारी खूणच त्याच्यापर्यंत पोचलेली नसते. त्यातच 'गुरुजी आले, ते बसले' या वाक्यातले आदरार्थी 'ते' आणखी निराळे असते. अशा सांध्यांपाशी थांबून 'ती म्हणजे कोण?' असा प्रश्न विचारणे आणि मुलांना सर्वनामापासून नामापर्यंत पेन्सिलीने बाण काढायला लावणे, हा आकलनाच्या शिक्षणाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

झाडीबोली ही येथील मराठी बोली बोलणाऱ्या मुलांची अडचण याच्या नेमकी उलट आहे. त्यांना मराठी कळते. पण त्यांच्या बोलीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी बहुधा 'र' येत असल्याने 'पाणी' हा छापील शब्द ती 'पानी' असा वाचतात आणि 'डोळा' हा 'डोरा' असा. वाचनचाचणीच्या तक्त्यावर येथे चुकीची खूण पडते. केनेथ गुडमन यांनी मोठ्याने वाचताना होणाऱ्या अशा फरकांचा अभ्यास करून दाखवले, की छापील शब्द आपल्या बोलीत फिरवून वाचणारे मूल अर्थापर्यंत पोचलेले असते, एरवी त्याला तो फिरवताच आला नसता. म्हणजे एकाच वर्गात 'पानी' वाचणारे मूल समजून वाचत असते व चुकीचे ठरते, आणि 'पाणी' असा शुद्ध उच्चार करणारे दुसरे मूल न समजता वाचत असते व हुशार ठरते. शिक्षकाचा कान येथे दोन्ही बाजूंनी फसतो.

कानाइतकाच स्वाध्यायही फसवा असतो. 'गुमळीने सोंडीवर झिपळ्या टाकल्या' हे वाक्य निरर्थक आहे. मराठीत गुमळी, सोंडी वा झिपळ्या असे काही नाही. तरीही 'गुमळीने झिपळ्या कोठे टाकल्या?' या प्रश्नाचे 'सोंडीवर' हे उत्तर कोणालाही देता येते, आणि त्याला पूर्ण गुणही मिळतील. धड्याखालचे पुष्कळसे प्रश्न याच जातीचे असतात : प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचे शब्द वहीत उतरवायचे. यातून जे तपासले जाते त्याला फार तर शब्दशोध म्हणता येईल. डोलोरेस डर्किन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची ४,४६९ मिनिटे नोंदवली, तेव्हा आकलन कसे करावे हे प्रत्यक्ष शिकवण्यात त्यांपैकी जेमतेम वीस मिनिटे गेल्याचे आढळले. त्याहून कितीतरी अधिक वेळ प्रश्न विचारण्यात आणि उत्तरे तपासण्यात खर्ची पडला होता. आकलन तपासले जाते, शिकवले जात नाही, ही तक्रार फक्त आपल्याकडची नव्हे.

आकलनाचा तिसरा आधार म्हणजे वाचकाचे पूर्वज्ञान, अर्थात मजकुरात न लिहिलेले पण लेखकाने गृहीत धरलेले ज्ञान. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये बेसबॉलच्या एका सामन्याचे वर्णन मुलांना वाचायला दिले, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. या निष्कर्षाचा वनजिल्ह्यांतील अर्थ असा. 'आईने काल मोहाखालचा पाला झाडून काढला होता. पहाटे आभाळ भरून आलेले पाहून ती चिंतेत पडली.' या उताऱ्यात फुलांचा उल्लेखही नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये अंधार असतानाच टोपली घेऊन आईबरोबर जाणाऱ्या एटापल्लीच्या मुलाला पाला का झाडला, आभाळ भरले तर नुकसान कशाचे, आणि फुले वाळली नाहीत तर घरात काय होते, हे सारे ओळींच्या मधून दिसते. यालाच अनुमान म्हणतात. तेच मूल रेल्वेच्या फलाटावर घडणाऱ्या गोष्टीत अडखळते, कारण संपूर्ण गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला वर्षानुवर्षे वडसा हे एकच रेल्वेस्थानक आलेले आहे. म्हणून त्याला अनुमान करता येत नाही, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. अनुमान करण्याची सवय मोह, तेंदूपत्त्याची फळी, बांबूतोड अशा ओळखीच्या मजकुरावर आधी लावावी आणि मग फलाटावर न्यावी, हा क्रम सोयीचा आहे. ओळखीच्या मजकुरावरच थांबणे मात्र मुलांवर अन्याय करणारे ठरेल. पुस्तक न पाहिलेले दाखवण्यासाठीही असते.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे गुरे राखणाऱ्या मुलांकडे शाळाच कुरणावर नेली. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी वर्णमालेच्या क्रमाला चिकटून न राहता थोड्या अक्षरांचा गट घेऊन त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायला देण्याची पद्धत रुजवली, ज्यामुळे अर्थ हा वाचनाच्या पहिल्या आठवड्यापासून सोबत राहतो. हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा माडिया मुलांना मराठीतून शिकवत आली. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, आणि मान्यतेचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हणत असताना, ते स्वतःच्या बळावर करू पाहणाऱ्या गावाला मान्यतेसाठी झगडावे लागावे, ही विसंगती नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

माध्यमाचा वाद मिटेपर्यंत वर्गातले काम थांबण्याचे कारण नाही. जिम कमिन्स यांनी मांडल्याप्रमाणे एका भाषेत कमावलेली आकलनाची कौशल्ये दुसऱ्या भाषेत उतरतात. म्हणजे गोंडीत गोष्ट ऐकून 'पुढे काय होईल' याचा अंदाज बांधायला शिकलेले मूल तीच युक्ती मराठी पानावर वापरते. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला माडिया येत नाही, ही अडचण खरी आहे. पण दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र बसतात, आणि एरवी डोकेदुखी ठरणारी ही व्यवस्था येथे उपयोगी पडू शकते. ॲनेमरी पॅलिंक्सर आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या परस्पर-अध्यापन पद्धतीत मुलांचा लहान गट मजकुराचा एकेक तुकडा वाचून चार कामे करतो : सारांश सांगणे, प्रश्न काढणे, अडलेले उलगडणे आणि पुढचा अंदाज बांधणे; आणि गटाचे नेतृत्व आळीपाळीने मुलांकडेच जाते. मराठी उताऱ्यावरची ही चर्चा मुलांनी माडियात करावी, चौथीतल्या मुलीने तिचा गोषवारा गुरुजींना मराठीत सांगावा, आणि गुरुजींनी तो फळ्यावर लिहून पुन्हा सर्वांकडून वाचून घ्यावा, एवढ्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

परिपत्रक लागेल ते चाचणीसाठी. वाचनाच्या नोंदपत्रकात शब्दसंख्येच्या शेजारी आणखी दोन रकाने हवेत : वाचलेले घरच्या भाषेत सांगता आले का, आणि तेच मराठीत सांगता आले का. पहिल्या रकान्यात 'हो' आणि दुसऱ्यात 'नाही' असलेल्या मुलाला समजलेले सांगण्यासाठी मराठी बोलण्याचा सराव हवा असतो, तर दोन्हीकडे 'नाही' असलेल्या मुलाला गोष्टी, गप्पा आणि हळूहळू वाचून दाखवणारा मोठा माणूस हवा असतो. आज ही दोन्ही मुले नोंदपत्रकात एकाच ओळीत बसतात आणि दोघांनाही उपाय म्हणून पुन्हा बाराखडीच मिळते.